बाईच्या बोटाचा ठसा

"बाईच्या बोटाचा दिसतोय," भिंगावरून डोळा न उचलता साईनाथ म्हणाला, आणि बेडरूममध्ये दाटीवाटीनं उभ्या असलेल्या नऊ जणांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं.

ठशावरून बाई की बाप्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हे साईनाथला एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात शिकवलं होतं आणि त्या पेपरात त्याला बहात्तर मार्क होते. पण ठसा लहान होता, सकाळपासून पोटात एका वड्यापलीकडे काही गेलं नव्हतं, आणि पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच नऊ माणसं त्याच्याकडे एवढ्या आदरानं पाहत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नऊ माणसं तिथं काय करत होती, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसालाच पडेल. कोथरूडात चोरी झाली की आधी सोसायटी येते. ती कपाट उघडून पाहते, लावून पाहते, "असं ओढलं असणार" म्हणत ओढून दाखवते. मग पोलीस येतात. तेही ओढून पाहतात. सगळ्यांचे हात लावून झाले की ठसे घेणाऱ्याला फोन जातो, आणि तो आला की त्याला विचारतात, "इतका उशीर का?"

साईनाथ हा तो ठसे घेणारा. पोलीस नव्हे, पोलिसांकडे कंत्राटावर असलेला तंत्रज्ञ. खाकी नाही, काठी नाही, गळ्यात ओळखपत्र आणि हातात काळी पेटी. पेटीत दोन ब्रश, तीन पावडरी, चिकटपट्टी आणि भिंग. चौकीत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. "पावडर आली का?" असं विचारत. तिकडे मुखेडला त्याचा बाप नागोराव सायकलीचं पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला सांगे, "आमचं पोरगं सीआयडीत हाय, चोराचा वास घेतंय." साईनाथनं हा गैरसमज चार वर्षांत एकदाही दुरुस्त केला नव्हता. वारज्याला एका खोलीत तिघं राहणाऱ्या माणसाला गावाकडे तेवढाच काय तो बंगला होता.

आणि साईनाथही काही कमी नव्हता. पोलीस त्याला पावडर म्हणत, तो पोलिसांना मनातल्या मनात बैल म्हणे. ज्यांच्या घरी चोरी झाली ती माणसं तर त्याच्या लेखी बैलांच्याही खालची. दूरदर्शनावर तपासाच्या मालिका बघून बघून ती शहाणी झालेली. "त्या निळ्या दिव्यानं बघा ना," म्हणणार. "कॉम्प्युटरला टाका, चोराचा फोटो येईल," म्हणणार. साईनाथ हसे आणि ब्रश फिरवत राही.

त्या दिवशीचं घर खांबेट्यांचं होतं. तिसरा मजला, दोन माणसं, एक लोखंडी कपाट. खांबेटेकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. खांबेटेकाकू निवृत्त होण्याच्या विचारात नसलेल्या. कपाटाच्या लॉकरमधल्या काकूंच्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. कुलूप शाबूत, दार शाबूत, खिडकीचे गज शाबूत.

"आधी कशाला हात लावला नाही ना?" साईनाथनं आल्या आल्या विचारलं होतं.

"छे छे," काकू म्हणाल्या. "फक्त जरा आवरलं."

"आवरलं म्हणजे?"

"अहो, पोलीस येणार म्हणजे चार परकी माणसं घरात येणार. फरशीवर धूळ बरी दिसते का? पुसून घेतलं सगळं. कपाटही ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. डाग राहतात ना नाहीतर."

पुरावा नष्ट करणारे गुन्हेगार साईनाथनं पाहिले होते. पुरावा पॉलिश करणारी फिर्यादी पहिलीच. कपाट इतकं चकचकीत होतं की त्यावर पावडर मारल्यावर त्याला स्वतःचाच वैतागलेला चेहरा दिसला. शेवटी लॉकरच्या आतल्या छोट्या खणाच्या खालच्या कडेला, जिथं काकूंचं फडकं वळलं नव्हतं, तिथं एकुलता एक ठसा मिळाला. लहानसा, पण स्वच्छ. आणि तो बघून साईनाथनं ते वाक्य उच्चारलं.

"बाईचा? म्हणजे मग..." सगळ्यात आधी खांबेटेकाका बोलले. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले काका. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. साईनाथला वाटलं, आपल्या विद्वत्तेनं उजळला.

"कामाला कोण येतं?" फौजदार रणजित शितोळे यांनी विचारलं.

"शालू," सात जण एका सुरात म्हणाले.

शालू त्याच वेळी वरच्या मजल्यावर भांडी घासत होती. एक कॉन्स्टेबल बाई वर गेली आणि तिला खाली घेऊन आली. चाळिशीची, हडकुळी, कोपरापर्यंत साबणाचा फेस. वारज्याच्या पुढच्या, आता महापालिकेत गेलेल्या एका गावातून ती रोज यायची. या इमारतीत तिची चार घरं होती. अकरा वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता, हे त्या नऊ जणांपैकी निदान पाच जणांना नक्की माहीत होतं. त्या पाचही जणांनी त्या क्षणी पंख्याकडे पाहिलं.

"म्या कशापायी घीन?" शालू म्हणाली. "बाई, तुमी सांगा की. त्या खोलीत झाडू मारताना तुमी दारात उभ्या असता. कपाटाला म्या कवा हात लावला?"

काकू म्हणाल्या, "कर नाही त्याला डर कशाला? जाऊन ये. खरं असेल ते बाहेर येईलच."

साईनाथनं पेटी बंद केली. आता बोलावं, "अहो, मी आपलं सहज म्हणालो," असं त्याच्या मनात आलं. पण सहज म्हणालेलं परत घ्यायला मुद्दाम बोलावं लागतं, आणि नऊ जणांसमोर मुद्दाम मूर्ख ठरण्याची त्याची तयारी नव्हती.

चौकीत शालूला बाकावर बसवलं. तिच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचं काम अर्थातच पावडरकडे. साईनाथनं पाटीवर शाई पसरली, रोलर फिरवला, तिचा अंगठा धरून शाईवर आणि मग कागदावर फिरवला.

कागदावर एक काळा ठिपका उठला. नुसताच. रेषा नाही, वळण नाही. त्यानं शाई कमी केली. मग बोटं पुसून, वाळवून, पुन्हा. मग तर्जनी, मग मधलं. दहाच्या दहा बोटं कागदावर अशी उमटली, जणू कोणी बुक्का सांडला होता.

"नीट दाब, बाई," तो चिडून म्हणाला.

"दाबतीया की. न्हाई उठत माजं, साहेब," शालू म्हणाली. "रेशनच्या मशिनीला तीन वर्सं झाली अंगठा लागत न्हाई. दुकानवाला म्हनतो, बोटं घासून ये. घासून गेले तर म्हनतो, आता तर काईच न्हाई ऱ्हायलं. सासूला न्यावं लागतं संगं, तिचा लागतो."

"कशानं झालं?"

"भांड्याची पावडर. त्येच्या आदी धा वर्सं शिमिट उचललं." ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, जशी कोणी झिजलेल्या चपलेकडे बघतं. "मला वाटलं, सरकारला म्या दिसतच न्हाई. चोरीत बरी लगीच दिसले."

साईनाथच्या हातातला रोलर थांबला. त्यानं पेटीतून खांबेट्यांच्या कपाटावरचा उचललेला ठसा काढला आणि भिंगाखाली धरला. मधोमध चक्र, त्याच्या डाव्या अंगाला जुन्या जखमेची बारीक तिरपी खूण, आणि भोवती एकेक रेष नव्या दुरेघी वहीसारखी ठळक. हे बोट ज्या कोणाचं होतं, त्यानं जन्मात कढई घासली नव्हती.

म्हणजे ठसा बाईचा की बाप्याचा हा प्रश्नच फजूल. ठसा आयतं खाणाऱ्या माणसाचा होता.

तो उठून फौजदारांच्या टेबलाशी गेला. "सर, हा तिचा नाही. तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत."

रणजित सर भेळ खात होते. "मग बाईचा म्हणालास ते?"

"चुकलं सर."

"अरे पावडर, आपल्यात चुकत नसतं. आपल्यात 'तुलनेस अयोग्य' असतं." त्यांनी कागदाचा चमचा करून भेळेचा घास घेतला. "तसं लिही. म्हणजे ना तिचा, ना कुणाचा. तू पण सुटलास, मी पण सुटलो. तुझं कंत्राट कधी संपतंय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग? लिही की."

शालूला चार तास बसवून सोडलं. त्या चार तासांत तिचा फोन चारदा वाजला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या समोरच्यांकडे गावाहून भावजय आली होती, ती आता घरकाम करणार होती. चौथ्या मजल्यावर भांडी घासायचं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या मजल्यानं कारण शोधायचीही तसदी घेतली नव्हती. खांबेटेकाकूंनी तर फोनही आपल्या हातानं केला नाही, वॉचमनकडून निरोप दिला. सोसायटीचा पाण्याच्या टाकीचा निर्णय दोन वर्षं अडला होता. हा निर्णय चार तासांत एकमतानं झाला.

जाताना शालू दारात थांबली. "साहेब, त्ये बोट माजं न्हाई ना?"

"नाही."

"मग तसा एक कागद द्या मला लिवून. चार वळी. बायांना दाखवीन."

"देतो," साईनाथ म्हणाला. तिला बाहेर काढण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी तो ठसा घेऊन तनुजा मॅडमसमोर उभा राहिला. तनुजा मॅडम ठसे विभागातल्या सगळ्यात जुन्या तज्ज्ञ. तेवीस वर्षं दुसऱ्यांची बोटं बघून त्यांना माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची गरज उरली नव्हती. त्यांनी ठसा पाहिला, शालूचा काळ्या ठिपक्यांचा कागद पाहिला.

"घटनास्थळी हा बाईचा आहे असं कोण म्हणालं?"

"मी, मॅडम."

"कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

साईनाथनं पेटीची कडी उगाच उघडून पुन्हा लावली.

"आणि घरातल्यांचे ठसे?"

"ते काका देत नाहीत. म्हणाले, आम्ही फिर्यादी आहोत, आरोपी नाही."

"म्हणजे चोराचा ठसा शोधताना घरातल्यांचा वगळायचा असतो, हे त्यांना माहीत नाही, तुम्हाला तरी आहे ना?" मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "जा, घेऊन या. आणि या वेळी तोंड पेटीत ठेवून जा."

खांबेटेकाकांनी दार अर्धंच उघडलं. ठसे द्यायचं म्हटल्यावर त्यांनी कायदा काढला, वय काढलं, रक्तदाब काढला. पण आतून काकू आल्या. आदल्या दिवशीच्या वाक्यावर त्यांचा अजून विश्वास होता. "अहो, द्या की हात! कर नाही त्याला डर कशाला?" असं म्हणून त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं आणि पंजा शाईवर आपटला.

काकांचे हात लहानखुरे, गोरे, मऊ. डायनिंग टेबलावर, डायजेस्टिव्ह बिस्किटांच्या डब्याशेजारी, कागदावर दहा सुरेख ठसे उमटले. उजव्या अनामिकेवर चक्र. डाव्या अंगाला बारीक तिरपी खूण.

साईनाथनं भिंग पेटीत ठेवलं. तोंड त्याच्या आधीच ठेवलेलं होतं. घरच्याच माणसाचा ठसा घरच्या कपाटावर असला तर काय बिघडलं, असं कोणीही म्हणालं असतं. पण "त्या कपाटाला मी कधी हात लावत नाही, ते हिचं खातं," असं काकांनी जबाबात सांगितलं होतं, आणि खाली सहीही केली होती. वळणदार.

जिन्यात काकांनी त्याला गाठलं. अंगावर सदरा, पायात घरातल्याच चपला.

"हे बघा, आपण शिकलेले दिसता," ते कुजबुजले. "पाटल्या मी मैत्रीला दिल्या. आमची धाकटी. बावधनला असते. हिच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून हिनं तिचं तोंड बघायचं टाकलंय. त्यांना फ्लॅटला कमी पडत होते. मला वाटलं, हिला वर्षभर तरी कळायचं नाही. तर काल सकाळी कुणाच्या मुंजीला घालायच्या म्हणून हिनं कपाट उघडलं."

"मग सांगायचं काकूंना."

"हिला? तुम्ही ओळखत नाही हिला."

"आणि शालू?"

काकांनी खिशातून रुमाल काढून बोटांची शाई पुसायला सुरुवात केली. "तिचं काय. तिला दुसरी घरं मिळतील. त्या लोकांना सवय असते हो."

साईनाथला आजवर पुष्कळ माणसांची किळस आली होती, पण ती लांबून, गमतीगमतीत. ही जवळून आली. या गृहस्थानं बायकोच्या धाकानं एका बाईला चौकीत बसू दिलं होतं, आणि आता रुमाल खराब होऊ नये म्हणून त्याची घडी उलटी करत होता. काहीतरी झणझणीत बोलावं असं त्याला वाटलं. मग आठवलं, चौकीत बसवायला या गृहस्थाला आयतं वाक्य पुरवलं कुणी? तो खाली उतरला.

अहवाल त्यानं खरा लिहिला. 'तुलनेस योग्य. शालू हिचा नाही. अनिरुद्ध खांबेटे यांच्या उजव्या अनामिकेशी जुळतो.' तनुजा मॅडमनी वाचून सही केली. एवढ्या वर्षांत कुणाची पाठ थोपटल्याचं त्यांच्याबद्दल ऐकिवात नव्हतं. त्यांनी ती परंपरा मोडली नाही.

पण अहवाल चौकीत पोचण्याआधी पेढे पोचले. पाटल्या सापडल्या होत्या. कुठं, तर माळ्यावर, गोधडीच्या घडीत. खांबेटेकाकांनी स्वतः शिडीवर चढून शोधल्या. त्याआधी ते बावधनला एक फेरी मारून आले होते, हे कुणी विचारलं नाही. तक्रार गैरसमजातून झाली, असं त्यांनी लिहून दिलं. वळणदार सही.

"मिटलं," रणजित सर अर्धा पेढा तोंडात टाकून म्हणाले. "तुझा तो रिपोर्ट राहू दे तिकडंच. तपासच नाही तर रिपोर्ट कुणाला?"

"सर, त्या बाईला एक प्रत..."

"तिला म्हणावं, माहितीच्या अधिकारात अर्ज कर. पेढा घे."

साईनाथनं पेढा घेतला. खाल्लाही. चांगला होता.

रविवारी तो सोसायटीत गेला. पाण्याच्या टाकीबद्दलची मासिक सभा पार्किंगमध्ये भरली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत खांबेटे पतीपत्नी, काकूंच्या हातात पाटल्या. साईनाथनं सेक्रेटरींना विचारलं, दोन मिनिटं बोलू का? सेक्रेटरी म्हणाले, विषयपत्रिकेत नाही. तो तरीही बोलला. मुखेडच्या शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण विसरलेला पोरगा अजून कुठं गेला नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. ठशावरून बाई ओळखता येत नाही. तो ठसा शालूबाईंचा नव्हता."

"मग कुणाचा होता?" मागून कुणीतरी विचारलं.

खांबेटेकाका पार्किंगच्या खांबावरच्या वाहन क्रमांकांचा अभ्यास करू लागले.

"ते सांगायचा मला अधिकार नाही."

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी अधिकार होता आणि आज नाही."

सगळे हसले. साईनाथला ती कोटी आवडली. त्यानंही तेच म्हटलं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मात्र हसल्या नाहीत. "येऊ दे तिला उद्यापासून," त्या म्हणाल्या. "मला भांडी घासायचा कंटाळा आलाय, आणि खोटं का बोला." चौथा मजलाही तयार झाला, यंत्राची किंमत त्यांना एव्हाना कळली होती. समोरच्यांनी सांगितलं, लेखी काही असेल तर बघू. आणि काकू म्हणाल्या, "सापडल्या हो, सापडल्या. पण एकदा मनात आलं ते आलं. पोलिसांचा कागद आण म्हणावं, मग विचार करीन."

चारातली दोन घरं परत आली. अर्धा पगार, अर्धी अब्रू.

तो कागद आता साईनाथच्या पेटीत आहे. विभागाचं नाव नाही, शिक्का नाही, साध्या कागदावर चार ओळी आहेत. अक्षर त्याचं आहे, तारीख आहे. सही तेवढी नाही. कंत्राट वाढवण्याची फाइल वर गेली आहे, आणि फिर्यादीच्या परवानगीशिवाय लोकांना कागद वाटत फिरणाऱ्या पावडरवाल्याचं कंत्राट कोण वाढवतं? फाइल खाली आली की सही करायची, असं त्यानं ठरवलं आहे. ती गेल्या महिन्यात यायची होती. या महिन्यातही आलेली नाही.

शालू त्याला वारज्याच्या स्टॉपवर भेटते. आठवड्यातून एकदा तरी, सकाळच्या गर्दीत. ती रागावत नाही, त्यामुळे तिला टाळताही येत नाही.

"साहेब, कागूद?"

"झालाय. थोडंसं राहिलंय."

"दोन घरं आडलीत."

"सोमवारी देतो, नक्की."

"बरं," म्हणून ती बसमध्ये चढली. कोणत्या सोमवारी, ते तिनं विचारलं नाही.